टेकाड कुणी घालवलं?

नवऱ्याच्या ऑफिसातल्या गोष्टी बायकोने या कानाने ऐकून त्या कानाने सोडाव्यात म्हणतात. पण रोजची साय बाजूला काढत गेलं की भांडं भरतंच, तसे हे किस्से साठलेत माझ्याकडे. काही तर आठवले की अजून जिवाचा संताप होतो!

सुरुवात माझ्या नवसापासून. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचे हे बोम्मसंद्र्याकडच्या एका लॅबमध्ये मोबाइल फोनसाठी फिल्टर बनवायचे. केसाहून बारीक सिलिकॉनची पट्टी. ती एकाच सुरात थरथरली पाहिजे, म्हणजे हवा तेवढाच सिग्नल आत, बाकीचे बाहेर. पण मेली भलत्या सुरातही थरथरायची! ग्राफवर हव्या त्या शिखराला चिकटून एक नको असलेलं टेकाड.

ते टेकाड जाईपर्यंत कॉफी सोडली मी. बंगळुरात राहून!

शेजारच्या रत्नाअक्का म्हणाल्या, "एवढं कशाला गं? स्वल्प उपास केला असतास, देव 'सरी', बरं बाई, म्हणाला असता!"

*

या टेकाडावर ह्यांच्या साहेबांनी काढलेला उपाय ऐका. साहेब पुण्याचे, बोलणं मधाचं.

"ग्राफ जरा अलीकडेच संपवा ना. टेकाड दिसणारच नाही!"

हे म्हणाले, "साहेब, उद्या फोनमध्ये तिसऱ्याचंच बोलणं ऐकू आलं, तर काय गिऱ्हाइकाचा कान कापायचा?"

घरी येऊन मला हे सांगताना ह्यांना हसू येत होतं. मला नाही आलं. अहो, केर काढायचा सोडून त्यावर सतरंजी टाकायची ही कुठली रीत?

*

ह्यांच्या हाताखाली वसुधा होती. बंगळूरच्याच जुन्या मराठी घरातली, इंजिनिअर, पण कंत्राटावर. या कामावरच्या संशोधनाच्या पेपरवर नाव लागलं तरच नोकरी पक्की होणार होती. घरी आजारी वडील, कमावती ती एकटी.

गौरींच्या आधी पडदे उतरवायला आली होती माझ्या मदतीला. पडद्याची पितळी दांडी हातात धरून उभीच राहिली. चमच्याने टिचकी मारी, बोटं जरा सरकवी, पुन्हा टिचकी. टोकाला धरली की बद्द. टोकापासून थोडं आत धरली की दांडी घंटेसारखी स्वच्छ वाजे!

"अक्का, हवा तो सूर वाजताना दांडी या जागी हलतच नाही. पट्टीला आधार इथेच द्यायचा. नको ते सूर मात्र इथे हलतात, ते आधारातच जिरतील!"

"बरं. आणि माझे पडदे?"

"ते अण्णा लावतील!" म्हणाली, आणि पळाली लॅबला.

लावले ह्यांनी. उलटे.

*

खंडेनवमीला बंगळुरात ऑटोपासून लेथपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. लागावंच. पण जिथे धुळीचा कण चालत नाही, त्या क्लीन रूममध्ये? साहेबांनी हौसेने भटजींनाच आत नेलं! वसुधाची नवी चिप नेमकी उघडी होती. पट्टीवर कुंकू बसलं, काम संपलं.

हे म्हणाले, "साहेबांनी भटजींना टोपी घातली, बूट झाकले, तोंडाला मास्क लावला. कुंकवाला तेवढं घालायचं राहिलं!"

मी देवाधर्माची बाई. पण पूजा दाराबाहेर केली असती तर देव काय रुसला असता?

आणि वर रिपोर्ट काय गेला? "वसुधाच्या हातून नमुना खराब झाला."

त्या दिवशी माझ्या हातून भाकरी करपली. रागाने.

*

पोरीने पुन्हा चिप बनवली. आधार तिने सांगितलेल्या जागी. टेकाड झोपलं!

दिल्लीचे पाहुणे बघायला आले. साहेब सांगत होते, "माझ्या मनात आलं, आधार जरा आत घ्यावेत..." आणि वसुधा कुठे? दारात, गुलाबाचे बुके घेऊन उभी.

"तू मुलगी आहेस, स्वागत छान दिसेल," असं सांगून उभं केलं होतं तिला!

पेपर लिहायला घेतला, त्यातही तिचं नाव नव्हतं. आमचे हे दोनदा बोलले. साहेब म्हणाले, "बघू."

*

नवस फिटला म्हणून मी सत्यनारायण घातला. सगळी लॅब जेवायला. मधल्या पाटाभोवती मोठी रांगोळी काढली, समई लावली. साहेब आले ते सरळ त्या पाटावर जाऊन बसले.

मी वाढायचं थांबले. 

"साहेब, जरा शेजारच्या पाटावर बसता का? हा वसुधाचा आहे. टेकाड तिने घालवलं ना!"

ह्यांच्या हातातला पेला हातातच. वसुधा म्हणाली, "अक्का, नको..."

"बस गं तू."

साहेब उठले, शेजारी बसले. वसुधा बसली. मी तिच्या पानात आधी मीठ वाढलं, मग लिंबू, मग बाकीचं सगळं. मग साहेबांना.

वरणभात कालवता कालवता साहेबांनी मान न उचलता विचारलं, "वसुधा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

तर बायांनो, तुमच्याकडे मोठे साहेब जेवायला येणार असतील, तेव्हा मधला पाट कुणाचा ते आधीच ठरवून ठेवा. आणि सांगताना वाढायचं थांबा.