पहिला टोमॅटो पाखरांचा

टोमॅटोच्या पानांना हात लागला की बोटांना तो उग्र, हिरवा वास चिकटतो आणि मला सासऱ्यांचं शेवटचं झाड आठवतं. जन्मभर वाडी पिकवलेले सासरे आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात रोप लावून बसले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे टोमॅटो त्यांना साफ बंद. वालीवच्या कारखान्यातली नोकरी आणि त्यांचा दवाखाना यांत मी पार पिचून गेले होते. झाडाला एकच फळ धरलं होतं. सासरे रोज खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचे. टोमॅटो लाल झाला की गुपचूप खातील आणि पुन्हा धावपळ माझीच, असं मनात येऊन एका सकाळी मी तो अर्धाकच्चाच तोडला आणि माझ्या डब्याच्या भाजीत चिरून टाकला. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी आले, तेव्हा ते देठाकडे बघत होते. “बाय, पाखरांनी नेला वाटतं?” मी हो म्हटलं. “जाऊ दे. पिकला की मीठ लावून तुला देणार होतो. किती दमतेस.” आता दरवर्षी झाड लावते, पहिला टोमॅटो मात्र पाखरं खरंच नेईपर्यंत झाडावरच ठेवते.