रिकाम्या टाकीची मिरवणूक

लेस्टरला आमच्या शेजारी भूल देणारे एक डॉक्टर राहत. बोलणं इतकं हळू, की पेशंट इंजेक्शनच्या आधीच झोपत असणार. पण दारात मात्र लालभडक, जुनी, आठ सिलिंडरची धडधडणारी अमेरिकन मसल कार! "अहो, ही पेट्रोल पीत नाही, ढोसते," असं ते लेकीचं कौतुक करावं तसं सांगत. मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी तिच्यातूनच विसर्जनाला जाई.

दोन हजार साली ट्रकवाल्यांच्या आंदोलनाने इंग्लंडभरचे पेट्रोल पंप कोरडे पडले, ते नेमके विसर्जनाच्या आठवड्यात. डॉक्टरांची टाकी तेवढी काठोकाठ भरलेली. विसर्जनाच्या सकाळी पाहतो तर हे ड्राइव्हवेत उकिडवे बसून, नळी लावून, त्यांच्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या छोट्या गाड्यांमध्ये पेट्रोल सोडतायत. थेंबही ठेवला नाही.

"आणि बाप्पा?" मी विचारलं.

"ढकलू की," ते शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दहा-बारा जणांनी 'मोरया' म्हणत गाडी नदीपर्यंत ढकलली. स्टिअरिंगवर अर्थातच डॉक्टर. सिग्नलला त्यांनी शिस्तीत हँडब्रेक ओढला. आणि हिरवा लागताच त्या हळू बोलणाऱ्या माणसाने, काच खाली करून, तोंडानेच आठही सिलिंडर सुरू केले.