विभूती खाणारी माझी लेक

देवावर रुसावं असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. भवानी पेठेत टॉवेलच्या कडा शिवून मी घर चालवते. माझी शिवलीला चार वर्षांची झाली तरी अंग धरेना. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. टॉनिकच्या बाटल्या पाजून थकले आणि सिद्धेश्वराला नवस बोलून सांगून टाकलं, आता हिला दुसरं औषध नाही, तुझी विभूती हेच औषध.

दर सोमवारी तिला देवळात न्यायचे. पोर विभूती कपाळाला लावायची कुठली, मूठभर तोंडात कोंबायची. घरीही देव्हाऱ्यातली वाटी चाटून लख्ख करायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, देवाचं लेकरू हाय. मलाही लई अभिमान वाटायचा. जेवायला मात्र घासभर भाकरी तिच्या पोटात जाईना. एका सोमवारी पायऱ्या चढताना ती घेरी येऊन पडली आणि माझा धीर सुटला. हा कसला देव, असंच मनात आलं.

तिथं बेल-फुलं विकायला एक मुसलमान म्हातारी बसते, सगळे तिला खाला म्हणतात. खालानं पोरीला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"बेटी, ही भक्ती न्हाय. माझी नात बी अशीच माती खायची. पोटात जंत हायेत, अंगात रगत न्हाय. दवाखान्यात ने."

मी रडत नवसाचं सांगितलं. खाला हसली नाही की रागावली नाही.

"मग गोळी आधी तुझ्या देवाम्होरं ठेव की. तितनं उचलली की ती परसादच झाली."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनीही तेच निदान केलं. जंताची गोळी दिली, रक्तवाढीचं औषध दिलं, पोरीला अनवाणी फिरू देऊ नका, हात साबणानं धुवा, असं बजावलं. गोळी मी गाभाऱ्यापुढं टेकवली आणि शिवलीलाला दिली. तिनं ती विभूतीइतक्याच आवडीनं चावून खाल्ली. पुढं तिच्या पोटातनं जे जंत पडले ते बघून मी भ्यालेच. एवढं सगळं माझ्या लेकराचं अन्न खात होतं!

औषध कुठलं द्यायचं हेसुद्धा मीच देवाला नेमून दिलं होतं. त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही, फक्त मला खालापाशी नेऊन बसवलं. तिचे उपकार कसे फेडू?

आता पोर विभूती कपाळाला लावते आणि उरलेली माझ्या पदराला पुसते. सासूबाई म्हणतात, हिची भक्ती कमी झाली. होऊ दे. मी देवापुढं काही न मागता हात जोडून उभी असते, आणि ही पदर ओढत म्हणते, "आई, चल की, भाकरी दे."