एक फाइल जुळत नव्हती

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. ज्याच्या घरचं माणूस जातं, तो आठ दिवसांत स्टुडिओत येतो आणि येताना किस्सा घेऊनच येतो. जुन्नरच्या बाजारपेठेत मी आणि दिगंबर, असे दोघं भागीदार. कॉम्प्युटर माझ्याकडे, फोटोची डागडुजी दिगंबरकडे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट.

गेलेल्या माणसाचा बहुतेक एकच फोटो असायचा, तोही कुणाच्या तरी लग्नातला. दिगंबर त्यातलं डोकं कापून कोटावर बसवायचा. कोट एकच, माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला. निम्म्या तालुक्याचे वाडवडील त्या एका कोटात भिंतीवर बसलेत!

पेठ गावचा एक जण फोटो बघून म्हणाला, "भाऊ, आमच्या आबांनी जल्मात कोट घातला न्हाई."

"काढू का?"

"नगं, ऱ्हाऊ द्या. आता थंडी लागत आसंल."

* * *

आहुप्याहून हिराबाई आल्या त्या पंगतीतला फोटो घेऊन. नवऱ्याचा तेवढाच फोटो, आणि फ्लॅशला नेमके डोळे मिटलेले. दिगंबरने उघडे डोळे बसवून दिले. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"डोळं ह्यांचं न्हाईत. कुणाचं हायेत?"

दिगंबर कीबोर्डवरची धूळ झटकायला लागला. बाई म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला भिंतीवर ह्यांचंच डोळं पायजेत. तवर येते मी." आणि मूळ फोटो घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर दिगंबर म्हणाला, "माझेच होते. आरशासमोर फोटो काढून ठेवलाय. मिटलेले आले की तेच लावतो."

"किती जणांना लावलेस?"

"आता कुणी विचारलं नाही, तर कशाला मोजायचं?"

पावसाळ्यात बाईंचा निरोप आला. छप्पर गळून फोटो काचेला चिकटला, काढताना फाटला. म्हणजे तो माणूस आता फक्त आमच्या कॉम्प्युटरात होता, तोही दिगंबरच्या डोळ्यांनी.

* * *

त्याच सुमाराला हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, म्हणजे ती कधीही जाणार. मला झोप लागेना. पुण्याच्या एका विक्रेत्याने कॅसेटसारख्या टेपवर बॅकअप घेणारे दोन ड्राइव्ह आठ दिवस वापरून बघायला दिले. जो पसंत पडेल तो ठेवायचा.

पहिला कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारा आणि चपळ. बॅकअप झाला. मग टेपवरून फोटो परत उतरवून बघितले, तर सगळे अर्धवट. आमच्या फाइलींत चित्र खालून वर साठवलेलं असायचं, त्यामुळे कोट आले, डोकी आलीच नाहीत. एकामागून एक, बिनडोक्याचे कोट.

नेमका तेव्हाच नारायणगावचा एक पोरगेला शिक्षक आजोबांचा फोटो न्यायला आला. "आमचं आजोबा कुठं हायेत?"

दिगंबर मान न वळवता म्हणाला, "निघालेत. गळ्यापर्यंत आलेत."

तो ड्राइव्ह मी त्याच दिवशी खोक्यात भरला.

* * *

दुसरा बाहेर ठेवायचा, प्रिंटरच्याच तारेवर जोडलेला. फार हळू. सकाळी लावला की दुपारपर्यंत फीत इकडून तिकडे कण्हत धावायची. आणि मधूनच प्रिंटर आपोआप कोरे कागद ओढून बाहेर टाकायचा.

मी वैतागून म्हटलं, "हे कुणाचे फोटो छापतोय?"

दिगंबर म्हणाला, "जे अजून यायचेत, त्यांचे."

तेव्हापासून टेप चालू असताना मी प्रिंटर बंद ठेवायला लागलो. पण फोटो या ड्राइव्हवरून डोक्यासकट परत येत होते.

* * *

बॅकअपनंतर सॉफ्टवेअर टेपवरच्या फाइली डिस्कवरच्यांशी ताडून बघतं. सगळ्या जुळल्या, एक सोडून. हिराबाईंच्या नवऱ्याची. पुन्हा बॅकअप घेतला, तीच. दुसरं सॉफ्टवेअर घातलं, नवी टेप घातली, तरी तीच एक.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "फाइल कुठंतरी उघडी असेल, साहेब. बंद करा."

फाइल बंदच होती. मला खरंच भीती वाटली. फाइल बिघडलीच तर बाईंना काय सांगायचं?

सहाव्या दिवशी डिस्क गेली. नवी बसवली आणि टेपवरून सगळं उतरवलं.

* * *

दोन दिवसांनी भरदुपारी हिराबाई आल्या. वर्षश्राद्ध परवावर आलेलं. मी हात जोडूनच सुरुवात केली, "बाई, डोळ्यांचं काही जमलं नाही." दिगंबरने फाइल उघडली. बाई पुढे वाकल्या.

"जमलं की! ह्येच ह्यांचं डोळं. डावा बारीक व्हता, ल्हानपणी करवंदीचा काटा लागल्याला."

मी दिगंबरकडे बघितलं. त्याने माउसवरचा हात काढून घेतला. हळूच म्हणाला, "मी हात लावला नाही. आणि काट्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

फोटो छापला, फ्रेम केली. मी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो, तर बाईंनी कागद काढून टाकला.

"झाकू नका. वरीसभर मिटल्यालंच व्हते. जरा बघू द्या त्यास्नी."

आणि फ्रेम छातीशी, तोंड बाहेर करून धरत त्या एसटी स्टँडकडे चालायला लागल्या.