गेटवरचं गाऱ्हाणं

दत्ताकाकांचं वाटोळं मी केलं, आणि तेही आपुलकीने. भांडणात केलं असतं तर निदान माफी मागता आली असती.

परळच्या एका टॉवरमध्ये मी रोज सकाळी लोकांचं रक्त काढायला जातो. लॅबची नोकरी आहे, गैरसमज नको. गेटवर वॉचमन असतो, पन्नाशीचा, खिशावर 'दत्ता' अशी पट्टी. तो विचारायचा, "किधर जाना है साब?" मी म्हणायचो, "बावीस सौ दो, भैया." आठ महिने आमचा एवढाच संवाद. मी अकलूजचा, माझी हिंदी शाळेच्या धड्यातली. त्याची माझ्यापेक्षा बरी. त्यामुळे तो उत्तरेकडचा, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

गणपतीच्या दहा दिवस आधी एका गाडीमागे गेटचा दांडा खाली आला, तो नेमका त्याच्या हातावर.

"आवशीचो घो!"

ती अस्सल मालवणी शिवी ऐकून मला इतका आनंद झाला की त्याचा हात बघायचंही सुचलं नाही. "अहो काका, तुम्ही तर कोकणातले! आठ महिने भैया म्हणवून घेताय? मग गणपतीला गावी कधी निघणार?" आवाज अकलूजच्या बाजारातला.

पाठीमागे सोसायटीचे मॅनेजर उभे होते. रमाकांत जगदाळे, मूळ सातारा, राहणार अँटॉप हिल.

"दत्ता, तू कोकण का है?" त्यांनी विचारलं. "तो छुट्टी के लिए वो नासिक में भाभी का ऑपरेशन किधर से आया?"

गेटवर तीन मराठी माणसं, आणि चौकशी हिंदीत चाललेली.

"छुट्टी कॅन्सल. गया तो वापस मत आना."

मी जगदाळेंच्या मागे केबिनपर्यंत गेलो. म्हटलं, "साहेब, आपण सगळे मराठीच ना?"

"मराठी आहे म्हणूनच माहितीये मला," ते शांतपणे मराठीत म्हणाले. "गेल्या वर्षी तिन्ही वॉचमन कोकणातले होते. तिघंही गणपतीला पळाले. चार दिवस गेट मी सांभाळलंय, टाय लावून. कमिटीने सांगितलंय, कोकणी माणूस ठेवायचा नाही. आता कळूनही, कमिटीला न सांगता, ह्याला ठेवतोय तेच उपकार समजा."

मी उपकार मानून गेटकडे वळलो.

परत आलो तेव्हा दत्ताकाका हातावर बर्फ धरून बसले होते. मग पहिल्यांदा माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलले, हळू आवाजात. गाव देवगडकडे, खोली लालबागला, नाव दत्ताराम. दोघा भावांत गणपती पाळीने येतो.

"औंदा माझी पाळी. बापूस गेल्यापास्ना गाऱ्हाणा मीच घालतंय. तीन दिवस मागितले होते रे झिला, तीनच."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून घरातल्या थोरल्याने सगळ्यांसाठी केलेली विनवणी. तो एकेक मागणं मागतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ती संपल्याशिवाय नारळ फुटत नाही.

"धाकट्या भावाने घातलं तर नाही चालणार?" मी विचारलं.

"तेका येता खय? तो बोरिवलीक वाढलो. मराठीसुद्धा इंग्लिशमधून बोलता."

मग मीच तोड काढली. माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल. चतुर्थीला लॅब अर्धा दिवस, मी फोन धरून उभा राहीन. काकांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

चतुर्थीला साडेअकराला कॉल लागला. पडद्यावर फळाफुलांनी सजवलेली माटवी, तिच्याखाली गणपती, पंधराएक डोकी. काकांनी टोपी काढली, चपला काढल्या, आणि त्या निळ्या युनिफॉर्ममध्ये हात जोडून ताठ उभे राहिले. आवाज कुठून आला कोण जाणे. 'किधर जाना है साब' वाला तो नव्हता.

"बा देवा गणपती म्हाराजा! वरसाच्या वरसाक लेकराबाळांनी सेवा केली हा, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोन थरथरला.

"जी काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण पोटासाठी मुंबैक आसा, गावाक येवक गावला नाय, तेका..."

मागून हॉर्न. काच खाली आली. "भैया, गेट!"

बटण कुठलं ते मला ठाऊक नव्हतं. मी एक दाबलं, भलताच दिवा लागला. पुन्हा हॉर्न.

"जी मॅडम," काका म्हणाले आणि धावले.

"व्हय म्हाराजा!" देवगडहून पंधरा जणांनी एकसुरात हाक दिली.

पडद्यावर कोणीतरी फिसकन हसलं. कोणा म्हातारीने त्याला गप्प केलं. काका अनवाणी परत आले, तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्टमधून जगदाळे बाहेर पडताना दिसले. काकांनी टोपी घातली, माझ्या हातातला फोन पालथा केला. "रवलेला मागीर सांगतंय," म्हणजे उरलेलं नंतर, एवढंच भावाला म्हणाले.

नारळ तिकडे तसाच राहिला असणार. मी विचारलं नाही.

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी मी "काका, सॉरी" म्हणायला गेलो होतो, तर त्यांनी जगदाळेंच्या केबिनकडे बघत एंट्रीची वही पुढे सरकवली. "काका नहीं साब, भैया. साइन करो."

परवा राहवलं नाही. त्यांचं ते गाऱ्हाणं पुरं झालं का, विचारायचं होतं. पण गाऱ्हाण्याला हिंदीत काय म्हणतात, मला आलं नाही.

"भैया, वो उस दिन का... पूरा हुआ क्या?"

"नहीं साब," ते म्हणाले. "बाकी है. किधर जाना है?"