बसल्यावर लागणारा दम

कसब्यातल्या त्या तालमीत दम लागणं हा गुन्हा होता आणि शिक्षा वेताची होती. मच्छिंद्रनं ती सोळाव्या वर्षी पोटभर खाल्ली. लढताना तो कुणाला ऐकायचा नाही. पण कुस्ती संपवून बसला की पाचेक मिनिटांत छातीत शिट्टी वाजायची. वस्ताद हिंमतराव म्हणायचे, "लढताना नाही, बसल्यावर लागतो? वेळ पाहून येतो होय रे तुझा दम?" आणि पाठीवर वळ उठायचे. एकदा मच्छिंद्र पडला तर त्यांनी त्याला लाथेनं उठवलं, बरगडी मोडली. पोरगं नाटकी आहे, हे पेठेत कायम झालं.

शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांनी त्याला पळवलं, मग बसवलं आणि दर पाच मिनिटांनी नळीत फुंकायला लावलं. नळीवरचा श्वासाचा जोर दाखवणारा काटा खाली खाली येत गेला. "दमा आहे," ते म्हणाले. "जोरात श्वास ओढलास की छातीतल्या श्वासाच्या नळ्या आतून कोरड्या पडतात आणि थांबल्यावर आवळतात. आधी अंग हळूहळू गरम कर, पाव तास आधी हा पंप ओढ. मग खुशाल कुणालाही आपट."

मच्छिंद्रनं पंप घेतला आणि वीस वर्षं लपवला. तालमीच्या संडासात शिरून ओढायचा. बायकोला, द्वारकालाही पत्ता नाही. पंपाचा पैलवान म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मानणारी ही जमात. अक्कल आखाड्याबाहेर ठेवूनच आत यायची.

पुढे हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या. दिवसा मच्छिंद्र तिथल्या एका आयटी कंपनीच्या गेटवर ओळखपत्रं तपासायचा. संध्याकाळी त्याच तालमीत मुलींना कुस्ती शिकवायचा. हातात तसाच वेत. त्या मुलींत त्याची तनुजाही होती, सोळा वर्षांची. रविवारी जिल्ह्याची निवड होती.

गुरुवारी तनुजानं दोघींना लागोपाठ चीत केलं. एकीचं नाक फुटून मॅटवर रक्त सांडलं. खुर्चीतले म्हातारे हिंमतराव "शाब्बास" म्हणाले. तनुजा भिंतीला टेकून बसली आणि पाच मिनिटांनी शिट्टी वाजू लागली.

मच्छिंद्रनं ती लगेच ओळखली. ओळखली म्हणूनच तो पिसाळला. हिंमतराव बघत होते ना!

"ऊठ! नाटकं नकोत!"

वेत दंडावर बसला, मग पाठीवर. तिसऱ्या फटक्याला दंडावरची कातडी फुटली. "बाबा, खरंच..." एवढंच तिला बोलता आलं. त्यानं तिला खेचून उभी केली आणि कानाखाली वाजवली. ती कोसळली. ओठ निळे पडले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"वेळ पाहून येतो दम," हिंमतराव म्हणाले. "बापावर गेली."

मच्छिंद्रनं वेत त्यांच्या खुर्चीच्या हातावर असा हाणला की दोन तुकडे झाले. मग सगळ्यांदेखत आतल्या खिशातून पंप काढला, तिला बसती केली, पंप तोंडात धरला. "ओढ, तनू. धरून ठेव. आता परत ओढ."

दहा मिनिटांनी तिच्या ओठांवर रंग आला. हिंमतराव केव्हाच निघून गेले होते.

तनुजानं पंप हातात फिरवून पाहिला. वरचा कागद झिजून गेला होता.

"कुणाचा हा?"

"माझा."

"कधीपासून?"

"तू नव्हतीस तेव्हापासून."

तिनं दंडावरचं रक्त टॉवेलनं टिपलं.

"म्हणजे मला मारत होतात," ती म्हणाली, "तेव्हा हा खिशातच होता."