तेलाची रेघ

नईमभाई करवत हाती देण्याआधी वर्तमानपत्र मागत. करवत म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीची, जिला चेनसॉ म्हणतात ती. शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या काखेतला अंक त्यांनी काढून घेतला, जमिनीवर पसरला आणि घरघरणाऱ्या करवतीचे टोक त्याच्यावर वीतभर अंतरावर धरले. थोड्या वेळाने अग्रलेखावर तेलाच्या बारीक थेंबांची एक सरळ रेघ उमटली.

"सही केली तिनं," ते म्हणाले. "आता न्या."

अग्रलेख वाचायचा राहिला होता. पण त्यात त्या रेघेइतके सरळ काही असण्याचा संभव नव्हता, म्हणून मी तक्रार केली नाही.

मी तेव्हा रस्त्याकडेच्या झाडांची निगा राखणाऱ्या एका कचेरीत भांडारपाल होतो. शहराचे नाव अजून औरंगाबाद होते. आमची यंत्रे नईमभाई दुरुस्त करत आणि झाड अवघड असले की करवतही तेच धरत. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटे कायम तेलकट. करवतीला दोन तेले लागतात. एक इंजिनासाठी, पेट्रोलमध्ये मिसळायचे. दुसरे साखळी जिच्यावरून धावते त्या पट्टीसाठी. दोन्हींना 'ऑइल'च म्हणतात, त्यामुळे आमची कचेरी मोठ्या विश्वासाने एकच मागवत असे.

"साहेब," नईमभाई मला म्हणाले, "पोटात घ्यायचं अन् अंगाला लावायचं तेल तुमच्या घरी एकच असतं का?"

पट्टीचे तेल ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन पाकासारखे ताणून बघत. "तार धरली पाहिजे. साखळी पळती, तिच्यासंगं यानं पळायचं. तिला सोडून पळून जायचं नाय." उन्हाळ्यात दाट तेल, थंडीत जरा पातळ. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून कोणी करवतीत ओतले, तर ते डबा उचलून गटारीकडे चालू लागत. "यात लोखंडाचा भुगा हाय. हे तेल नाय, पातळ कानस हाय."

आमच्या कचेरीत नवी करवत आली तेव्हा कचेरीच्या मुख्य साहेबांनी शामियाना घातला. उद्घाटनाची फीत कात्रीने न कापता करवतीनेच कापावी, ही कल्पनाही त्यांचीच. नईमभाईंनी एकदाच सांगितले, "टोकाच्या समोर कुणी उभं राहू नका." फोटो चांगला यावा म्हणून साहेब नेमके तिथेच उभे राहिले. फीत तुटली, टाळ्या झाल्या आणि साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर खांद्यापासून खिशापर्यंत रेघ उमटली.

"तेल बराबर येतंय," नईमभाईंनी गंभीरपणे कळवले.

साहेबांनी हे लक्षात ठेवले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवर पिण्याच्या विहिरीवर झुकलेला उंबर छाटायचा होता. नईमभाईंनी करवतीतले पट्टीचे तेल बाटलीत काढले आणि वस्तीवरच्या एका बाईंकडे करडीचे तेल मागितले.

"भजी करता का काय भाऊ झाडाची?" बाई म्हणाल्या.

"आक्का, हिचं तेल सगळं खाली गळतं. हे पाणी लेकरं पितात."

काम छान झाले. विहिरीत पाला पडला, तवंग आला नाही. परतताना जीपमध्ये त्यांनी मला बजावले, "साहेब, करडीचं तेल खायला लई गुणाचं. पण मशिनीत राहिलं की वाळून डिंक व्हतं. ही आजच दुकानात पाठवा, धुऊन देतो."

मी पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांची पाहणी होती आणि सगळी यंत्रे रांगोळी काढून ओळीत मांडायची होती. करवत नसती तर ओळ तोकडी दिसली असती. मी तिला बाहेरून फडके मारले आणि नोंदवहीत लिहिले, 'साफ व चालू स्थितीत', खाली सही केली. थाटामाटाला हसणारा माणूस म्हणून कचेरीत माझी ख्याती होती. पाहणी संपली आणि करवत फडताळात गेली. मी विसरलो.

वीसेक दिवसांनी, भर दुपारी, सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका जुन्या वडाची फांदी वारा नसताना पडली. फांदी कसली, झाडच म्हणायचे. खाली आमची जीप होती आणि जीपचे चाक बदलत बसलेला आमचा ड्रायव्हर दगडू. निरोप आला तसा मी करवत घेतली, शहागंजातून नईमभाईंना उचलले आणि पोचलो. दगडूचा उजवा पाय गुडघ्याखाली फांदी आणि रस्ता यांच्यात सापडला होता. कुऱ्हाडी होत्या, पण प्रत्येक घावाला फांदी हलायची आणि तो किंचाळायचा. क्रेन यायला तास लागणार होता. साहेब आधीच आलेले होते आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगत स्वतः मध्ये उभे होते.

नईमभाईंनी करवत चालू केली. गर्दीतून हुश्श झाले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपर."

"पेपर वाचायची वेळ आहे का ही?" साहेब ओरडले.

मी अंक काढून रस्त्यावर पसरला. नईमभाईंनी टोक धरले. काही नाही. त्यांनी वेग वाढवला. पान कोरेच. मला कारण समजले. नईमभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि करवत बंद केली. त्या शांततेत दगडूचा आवाज आला, "बंद का केली? ओ नईमभाई, बंद का केली?"

"आत्ता चालू करतो, बेटा. माझ्याकडं बघू नको. तिकडं बघ, तो बैल कसा रवंथ करतोय."

"कापा ना तसंच," साहेब म्हणाले. "माणूस मरेल."

"सुकी साखळी तापती, ढिली व्हती अन् पट्टीवरनं उडती. ती याच्या मांडीवर उडंल. मग मरंल."

ते रस्त्यावरच बसले. पट्टी सोडवली. तेलाचे भोक पिवळ्या डिंकाने बुजलेले होते. त्यांनी तारेने ते कोरले, पेट्रोलने धुतले, पुन्हा कोरले. कोणी शिव्या देत होते, कोणी घड्याळ बघत होते. त्यांच्या चष्म्यावर घाम ओघळत होता, पण बोटांची गती वाढली नाही. सोबत आणलेल्या बाटलीतले पट्टीचे तेल भरून त्यांनी पट्टी बसवली, चालू केली आणि तरीही, मला आजही नवल वाटते, टोक पुन्हा पेपराकडे नेले. रेघ आली. मग त्यांनी फांदीला दोन काप दिले, दुसरा दगडूच्या पायापासून हातभर अंतरावर, आणि लोकांनी ओंडका उचलला.

दगडू वाचला. पाय वाचला नाही. तो थोडा आधी मोकळा झाला असता तर, असे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडले.

चौकशी झाली. करवत का साफ नव्हती, असे साहेबांनी विचारले. नोंदवही टेबलावर होती, माझी सही त्यांच्या हाताखाली. मी तोंड उघडायच्या आत नईमभाई म्हणाले, "मी विसरलो." तोंड मी उघडणार होतो, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. कचेरीने त्यांचे काम बंद केले. आदेशाची प्रत साफ अक्षरात मीच काढली.

पुढे मी त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा काउंटरमागच्या भिंतीवर त्या वडाखालचा तो पेपर खिळ्याला लटकवलेला होता. त्यांनी पान असे दुमडले होते की रेघ मागे जावी आणि पहिल्यांदा कोरा राहिलेला भाग समोर यावा. मी म्हणालो, "नईमभाई, तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"तुम्हाला जबान हाय, साहेब. मला वाटलं, तुम्ही घ्याल." मग त्यांनी चहा मागवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच जड गेले.

ते गेले तेव्हा दफन आटोपून मी दुकानाशी आलो. दगडू पायरीवर बसला होता, कुबडी शेजारी. दर शुक्रवारी तो तिथे येई, हे मला त्या दिवशी कळले. भिंतीवरचा पेपर पिवळा पडला होता.

मी त्याच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. पाहणी, रांगोळी, फडके, सही. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढ्यासाठी मला सतरा वर्षे लागली होती.

दगडूने कुबडी जवळ ओढली. मग म्हणाला, "ठावं व्हतं, साहेब. नईमभाई अन् विसरंल व्हय?"